आसावरीची लक्षणे आणि शबरीचे गाणे

आसावरी रागाची माहिती संगीत परीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात आठ-दहा ओळींत संपते. थाट आसावरी, गांधार, धैवत आणि निषाद कोमल, आरोहात गांधार व निषाद वर्ज्य, अवरोहात सातही स्वर, म्हणून जाती औडव-संपूर्ण, वादी धैवत, संवादी गांधार, गानसमय दिवसाचा दुसरा प्रहर. मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी इकडची जी मुले पेटी-गायन शिकून परीक्षांना बसतात ती एवढे पाठ करतात. त्यांत आज आपल्या बौद्धवाड्यांतली मुलेही आहेत. ही चांगली गोष्ट आहे आणि ती आपोआप घडलेली नाही. परंतु या आठ-दहा ओळींत एक गोष्ट नसते. ज्या बाईच्या नावाचा हा राग आहे, ती बाई त्यांत नसते.

अनेक संगीत-अभ्यासकांच्या मते आसावरी हे नाव सावरी, सावेरी, शाबरी या मालिकेतले आहे. शाबरी म्हणजे शबरांची. शबर म्हणजे रानात राहणारे, चातुर्वर्ण्याच्या बाहेरचे लोक. शब्दांच्या या व्युत्पत्तीवर ज्याचा विश्वास बसत नसेल त्याने चित्रे पाहावीत. राजस्थानात, दख्खनमध्ये, पहाडी संस्थानांत रागमालांचे संच रंगवले गेले. त्यांतले आसावरीचे चित्र ओळखायला वर लिहिलेले नाव वाचावे लागत नाही. काळ्यासावळ्या वर्णाची एक रानातली स्त्री खडकावर एकटी बसलेली असते. कमरेला मोरपिसांचे नाहीतर पानांचे वस्त्र असते. चंदनाच्या झाडांवरून साप उतरून तिच्याकडे येत असतात आणि तिला त्यांचे भय नसते. संस्कृत ग्रंथांतले या रागाचे ध्यान तिला मलय पर्वतावर बसवते. मलय पर्वत म्हणजे सह्याद्रीच्याच रांगेचे दक्षिणेकडचे टोक. मालवणच्या किनाऱ्यावरून पूर्वेला जी निळी भिंत दिसते तीच पुढे तिकडे जाते. राजेरजवाड्यांनी ही शबरी हौसेने रंगवून घेतली आणि संग्रहात ठेवली. चित्रातली शबरी दरबारात आली. खरी शबरी आली असती तर ती कुठवर येऊ शकली असती, हे वेगळे सांगायला नको.

आसावरी हे एकटे उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण जुन्या ग्रंथांतली स्वरप्रकारांची नावे वाचत गेलो की एक जनगणनाच समोर येते. गुर्जरी, आभीरी, मालव, सैंधवी, आंध्री. माणसांच्या टोळ्या, गवळ्यांच्या जमाती, दूरचे प्रदेश. आजही गुर्जरी तोडी गायली जाते आणि अहीरभैरवातला अहीर कोण, हे कुणी विचारत नाही. लोक गेले, नावे राहिली. जमिनीच्या बाबतीत सातबाऱ्यावर जे घडले त्याच्या उलटे इथे घडले, असे म्हणता येईल. तिथे कसणाऱ्याचे नाव गेले आणि जमीन राहिली. इथे नाव राहिले आणि मालकी गेली.

राग हा शब्द संगीताच्या पारिभाषिक अर्थाने ज्या ग्रंथात पहिल्यांदा सविस्तर आला त्याचे नाव ‘बृहद्देशी’. कर्ता मतंग. काळ साधारण सहावे ते आठवे शतक. हा ग्रंथ १९२८ साली त्रिवेंद्रमहून छापला गेला, तोही अपुरा. ग्रंथाच्या नावातच ‘देशी’ आहे. स्त्रिया, मुले, गुराखी आणि राजे आपापल्या प्रदेशात आपल्या आवडीने जे गातात ते देशी, अशी मतंगाची कल्पना आहे. आणि रागाची व्याख्या करताना तो लोकांचे चित्त रंगवणारा तो राग, असे म्हणतो. लोकांचे चित्त. देवाचे नाही, ऋषींचे नाही. इथवर वाचले की आपल्याला वाटते, हा ग्रंथ आपला आहे.

पण याच ग्रंथात आणखी एक वाक्य आहे आणि ते मला या सगळ्या प्रश्नाचे मूळ वाटते. चार किंवा त्याहून कमी स्वरांचे गाणे हे मार्ग संगीत होऊ शकत नाही, असे मतंग सांगतो, आणि असे गाणे कोणाकडे आढळते त्याची यादी देतो. शबर, पुलिंद, कांबोज, वंग, किरात, वाल्हीक, आंध्र, द्रविड आणि वनवासी. यादीत पहिले नाव शबरांचे आहे!

नियम स्वरांचा दिसतो. पण त्याच्याबरोबर माणसांची यादी दिली आहे. पाच स्वरांच्या रेषेखाली कोणते गाणे आहे एवढेच सांगून ग्रंथकार थांबत नाही, त्या रेषेखाली कोण राहतात तेही सांगतो. पुढच्या हजार-बाराशे वर्षांत यादी गळून पडली आणि नियम तेवढा उरला. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रागाची लक्षणे सांगितली, तेव्हा रागात निदान पाच स्वर हवेत, हे त्यांत होतेच. पाच स्वरांचा तो औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. या वर्गांना संगीतात ‘जाती’ म्हणतात. शब्द तोच आहे म्हणून अर्थही तोच आहे, असे मी म्हणणार नाही. असे शब्दांचे खेळ करून आपलाच युक्तिवाद आपण हलका करतो. मुद्दा शब्दाचा नाही. मुद्दा असा की परीक्षेला बसलेली मुलगी ‘रागात कमीत कमी पाच स्वर असावे लागतात’ हे लिहिते, तेव्हा तो नियम तिला दोन आणि दोन चार यासारखा निसर्गाचा वाटतो. त्या नियमाला एके काळी पत्ता होता, हे तिला कुणी सांगत नाही.

आणि नियम निसर्गाचा नाही याचा पुरावा खुद्द रागसंगीतातच आहे. मालश्री नावाचा एक राग आहे. काही परंपरांत तो षड्ज, गांधार आणि पंचम या तीनच स्वरांवर गायला जातो. शास्त्रकारांना ही अडचण झाली, म्हणून तीव्र मध्यम आणि निषाद यांचा किंचित स्पर्श धरून संख्या पाचावर नेण्यात आली. ज्या गवयाला मालश्री येतो त्याला आपण अनवट रागांचा जाणकार म्हणतो, आणि ते योग्यच आहे, कारण तीन स्वरांवर अर्धा तास उभे राहणे सोपे नाही. मग आपल्या आया-आज्या जात्यावर बसून तीन-चार स्वरांत पहाटेपासून उजाडेपर्यंत उभ्या राहिल्या, ते काय होते? त्याला लोकगीत म्हणतात. एकाच्या तीन स्वरांना सवलत आणि दुसरीच्या तीन स्वरांना वेगळी पंगत.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रामायणात शबरी ज्या आश्रमात राहते तो मतंग ऋषींचा आश्रम आहे. आणि मतंग किंवा मातंग हे नाव जुन्या कथांत पुन्हा पुन्हा चांडाळ म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाला दिलेले आढळते. महाभारतात तशी कथा आहे, बौद्ध जातकांतही मातंगाची कथा आहे. ‘बृहद्देशी’चा कर्ता आणि या कथांतला मतंग एकच, असे सिद्ध करणारा पुरावा नाही. तेव्हा त्याला आपल्या वंशावळीत बसवण्याची घाई करू नये. पण शबरीचा राग आणि मतंगाचा ग्रंथ यांची नावे एका जुन्या कथेत शेजारी-शेजारी असावीत आणि रेषेखाली शबरांनाच ढकलणारे वाक्यही त्याच ग्रंथात असावे, ही गाठ विचार करण्याजोगी आहे.

मतंगाने रेषा आखली. शार्ङ्गदेवाने स्वरांनाच वर्ण दिले. हे काम काश्मीरकडून आलेल्या घराण्यातल्या या पंडिताने आपल्या महाराष्ट्रात, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, तेराव्या शतकात केले. बाबासाहेबांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनातून देवगिरीचा किल्ला काही फार दूर नाही. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त षड्ज, मध्यम आणि पंचम हे स्वर ब्राह्मण आहेत. ऋषभ आणि धैवत क्षत्रिय. गांधार आणि निषाद वैश्य. आणि अंतर गांधार व काकली निषाद, म्हणजे आपल्या जागेवरून वर सरकलेले गांधार-निषाद, ते शूद्र. ही कल्पना त्याच्या आधीच्या शिक्षाग्रंथांतही आहे. तिथे हे स्वर पतित ठरवलेले आहेत. जागा सोडली म्हणून शूद्र.

आता यातली गंमत पाहावी. जुन्या स्वरसप्तकाचा आजच्या सप्तकाशी मेळ घालणारे बहुतेक अभ्यासक सांगतात की शार्ङ्गदेवाचे मूळ सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते. म्हणजे त्याचा अंतर गांधार आणि काकली निषाद हे साधारणपणे आपले आजचे शुद्ध गांधार आणि शुद्ध निषाद. तेराव्या शतकात जे शूद्र होते त्यांना विसाव्या शतकात आपण शुद्ध म्हणतो, आणि पेटी शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी तेच वाजवायला देतो. स्वर जिथे होते तिथेच आहेत. मोजणाऱ्याने मोजणीचा आरंभबिंदू बदलला.

निषादाचे तर नावच बोलके आहे. स्वराच्या नावाची व्युत्पत्ती पंडित ‘बसणे’ या अर्थाने लावतात आणि ती बरोबरही असेल. पण निषाद हे एका समाजाचेही नाव होते. मनुस्मृतीने त्यांना मिश्र संततीत टाकले आणि मासे मारणे हा त्यांचा धंदा ठरवून दिला. जो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला त्यात मासेमारी हा एका खालच्या मानलेल्या समाजाच्या माथी मारलेला व्यवसाय आहे, हे देवबाग-तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंत समुद्रावर जगणाऱ्या माणसाने लक्षात ठेवावे. आसावरीत निषादाला चढताना मज्जाव आहे, उतरताना तो चालतो. त्याला चढताना घेतले की आसावरी आसावरी राहत नाही, ती जौनपुरी होते. दोन्ही रागांतला मुख्य फरक एवढाच. यावर रूपकाची मोठी इमारत उभारण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. गवई निषाद गाळतो तो स्वराचा तोल साधण्यासाठी, मनूला विचारून नव्हे.

याच आवरलेल्या दृष्टीने वादी-संवादीकडेही पाहावे. वादी स्वर राजा, संवादी त्याचा अमात्य, अनुवादी त्यांचे सेवक आणि विवादी शत्रू, ही उपमा शतकानुशतके चालत आली आणि आजच्या वर्गातही तशीच सांगितली जाते. धैवत हा आसावरीचा राजा. ऐकताना जे घडते ते मात्र या उपमेत मावत नाही. धैवतावर स्वर थोडा खाली राहून झुलतो, पंचमाकडे झुकतो, पुन्हा वर येतो. हा धैवत पंचमाच्या आधाराशिवाय उभाच राहू शकत नाही. यात हुकूम करणारा कुणी नाही आणि हुकूम झेलणाराही कुणी नाही. स्वरांचे एकमेकांशी नाते आहे. पण ग्रंथकार दरबारात बसले होते. त्यांना नाते म्हटले की राजा-प्रधानच आठवला. ज्याने भलरी म्हणत भाताची कापणी केली आहे त्याने लक्षणग्रंथ लिहिला असता तर वादी स्वराला त्याने ओळीच्या पुढे चालणारा कापणीवाला म्हटले असते.

भातखंड्यांच्या कामाची थोरवी मला मान्य आहे. त्यांनी देशभर हिंडून, बहुतांशी मुसलमान उस्तादांकडून, चिजा मिळवल्या, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ छापून घराण्यांच्या कुलपात असलेले धन पुस्तकात आणले. पुस्तक कुणालाही विकत मिळते. उस्ताद मिळत नसे. दहा थाटांच्या त्यांच्या मांडणीत एका थाटाचे नाव आसावरी आहे, म्हणजे हिंदुस्थानी रागसंगीताच्या दहा दालनांपैकी एकावर शबरीची पाटी लागली. मात्र त्याच वेळी रागाचे एक रूप निवडावे लागले. जुने धृपदिये आसावरीत कोमल ऋषभ घेत, ग्वाल्हेरकडचे ख्यालिये शुद्ध. थाटासाठी शुद्ध ऋषभ धरला गेला, कारण कोमल धरला तर राग भैरवी थाटात जातो. दुसरे रूप ‘कोमल ऋषभ आसावरी’ या वेगळ्या नावाने जगले. वर्गीकरण केले की असे काहीतरी चौकटीबाहेर पडतेच. पडले ते कुणाचे, एवढे पाहत राहावे.

हे सगळे आपल्या किनाऱ्यावर कसे पोचले?

एक वाट ब्राह्मण विद्यार्थ्याची होती. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातले. गरिबी इतकी की विद्येसाठी उत्तरेकडे वणवण करावी लागली. उस्तादांच्या दारात दिवस काढावे लागले. पुढे ते ग्वाल्हेर परंपरेचे आणि अनवट रागांचे मोठे गवई झाले. त्यांच्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या काळी गरीब ब्राह्मण मुलाला वाटेत माधुकरी मिळू शकत होती, संस्थानांची अन्नछत्रे होती, देवळाच्या ओवरीत पाठ टेकता येत होती. त्याच गावातल्या महाराच्या मुलाचा गळा तेवढाच गोड असता तर त्याला यांपैकी कोणते दार उघडे होते? त्याच्या आड गरिबीच्या आधी स्पर्श आला असता.

दुसरी वाट देवळाच्या आतली. सावंतवाडी, मालवण, गोमंतक या पट्ट्यात देवळांच्या सेवेत बांधलेल्या स्त्रिया होत्या, आणि त्या सेवेतही उतरंड होती. कलावंतीण गात-नाचत असे. भाविणीने देऊळ झाडायचे, दिवे लावायचे. तिच्या घरातल्या देवळी पुरुषांनी मशाल धरायची, कर्णे फुंकायचे. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, पण त्याआधीच या समाजाने स्वतःच संघटित होऊन ही बेडी तोडायला सुरुवात केली होती. त्यांच्यातल्याच गोमंतकातील केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेऊन विसाव्या शतकाचे रागसंगीत घडवले. ज्यांना देवळाने वापरले त्यांच्याच गळ्यात राग सर्वांत शुद्ध राहिला, हे लक्षणांच्या पुस्तकात कुठे लिहिणार?

तिसरी वाट ऐकण्याची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत नाट्यपदांच्या चालींवर बसून राग गावोगाव गेला. आमच्या दशावताराने त्या चाली उचलल्या. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्या सामग्रीवर जत्रेच्या रात्री राजा, राक्षस आणि राणी गाऊ लागले. आपली माणसे त्या वेळी देवळाच्या पटांगणाच्या कडेला, बरेचदा त्याही बाहेर अंधारात असत. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानाला धर्मसूत्रांनी शिक्षा सांगितली होती. दशावताराच्या पदाला तशी शिक्षा सांगायचे राहून गेले. भरताच्या नाट्यशास्त्राने तर नाट्य हा सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हटले आहे, कारण पहिले चार सर्वांसाठी नव्हते. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने पद ऐकले, चाल धरली आणि घरी नेली. रागाचे नाव त्याला ठाऊक नव्हते. नावाची त्याला गरजही नव्हती.

तसेच भजनाचे. सिंधुदुर्गात डबलबारी रंगते तेव्हा दोन बुवा समोरासमोर पेटी घेऊन बसतात, रूपाचा अभंग, गौळण, गजर अशी चढत जाणारी लढत होते, आणि गजरात राग मांडणाऱ्या बुवाला जाणकार श्रोता मान डोलावून दाद देतो. यांतले अनेक बुवा रागाची लक्षणे पाठ करून शिकलेले नाहीत. त्यांनी चाल शिकली आणि चालीतून राग ओळखला. १९५६ नंतर आपल्या वाड्यांनी विठ्ठलाचे भजन सोडले, पण पेटी आणि ढोलकी सोडली नाही. भीमजयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला नवे शब्द आले, त्यांत कव्वाली आली, सिनेमाच्या चाली आल्या आणि भजनाच्या जुन्या चालीही राहिल्या. चालीला धर्मांतर करावे लागले नाही.

आणि याच पेटीला आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती. कारण शास्त्रीय होते. पेटीचे स्वर ठरलेले असतात, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती मिळत नाहीत. आसावरीचा झुलता धैवत पेटीच्या पट्टीवर सापडत नाही, ही गोष्ट खरीच आहे. बंदी सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. एवढ्या वर्षांत कोकणातल्या वाड्यावाड्यांत जे एकमेव स्वरवाद्य पोचले होते तेच सरकारी दरबारात अपात्र होते. कारण खरे असले तरी त्याचा भार कुणावर पडला, हेही खरेच असते.

म्हणून कार्यकर्त्यांच्या बैठकांत जो प्रश्न येतो त्याचे उत्तर मला सोपे वाटत नाही. काहीजण म्हणतात, रागसंगीत ही ब्राह्मणी संस्कृती आहे, आपल्या मुलांनी ते कशाला शिकावे? काहीजण म्हणतात, आपली गाणी रागात बसवून दाखवू, म्हणजे त्यांनाही प्रतिष्ठा मिळेल. दोघांचा हेतू प्रामाणिक आहे. परंतु दोघांनीही ती पाच स्वरांची रेषा मान्य केलेली आहे. पहिला रेषेच्या वरचे सगळे सोडून देतो. दुसरा रेषेखालच्याला उचलून वर बसवू पाहतो. रेषा कुणी आखली, हे दोघेही विचारत नाहीत.

राग सोडून द्यायचा तर शबरीचे काय करायचे? १६०४ साली संकलित झालेल्या आदिग्रंथात चर्मकार रविदासांची चाळीस पदे वेगवेगळ्या रागांखाली लावलेली आहेत, त्यांचे काय करायचे? मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईचा अभंग मोगूबाईंच्या कन्येने, किशोरी आमोणकरांनी, गायला आणि तो घरोघर गेला. एका महार स्त्रीचे शब्द आणि कलावंतिणींच्या परंपरेतला गळा. सहाशे वर्षांच्या अंतराने झालेली ही भेट ब्राह्मणी म्हणून कोणत्या खात्यात टाकणार? राग आपल्या मुलांनी शिकावा, लक्षणांसकट शिकावा, आणि परीक्षेत पहिला नंबर काढावा.

पण तीन स्वरांची ओवी मात्र रागात बसवू नये. कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुना ऐकून त्यांतून नवे राग काढले. ते त्यांच्या प्रतिभेचे काम होते आणि ते राग सुंदर आहेत. पण धुनेचा राग होताना तिला दोन-तीन स्वर वाढवून मिळतात, विस्तारासाठी जागा मिळते, आणि ती ज्या कामासाठी होती ते काम सुटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या दलित स्त्रियांच्या ओव्या आहेत. शब्द बरेच जपले गेले. चाली मात्र त्या मानाने थोड्याच अभ्यासल्या गेल्या.

चालीचीही लक्षणे असतात. आसावरीचा समय दिवसाचा दुसरा प्रहर, म्हणजे साधारण नऊ ते बारा. त्या वेळी आमच्या बायका तरव्याच्या चिखलात वाकलेल्या असतात किंवा बंदरावर मासळी निवडत असतात. रापण ओढणाऱ्यांचे हात दोराला असतात. त्या प्रहरी बसून ऐकण्याची सवड ज्याला होती त्याच्यासाठी तो समय ठरला. ओवीचा समय सूर्याने ठरवलेला नाही. पीठ संपले की ओवी संपते. तिचा ताल मात्रांत मोजत नाहीत. जात्याचा एक फेरा ही तिची मात्रा. खुंटा अंगापासून दूर जातो तेव्हा स्वर चढतो की उतरतो? घास घालायला हात सुटतो तेव्हा ओळ कोणत्या स्वरावर थांबते? दोघी दळत असल्या तर दुसरी कुठून उचलते? शेवटचा स्वर षड्जच असतो, की बाई त्याच्या खाली जाऊन उसासा टाकावा तशी ओळ सोडून देते? संगीत शिकलेल्या आपल्या मुलामुलींना आता स्वरलेखन येते. मालवणी मुलखात जात्यावर बसलेल्या शेवटच्या पिढीतल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्याजवळ बसून, एकही स्वर वाढवून न देता, हे सारे वहीत उतरवून घ्यावे. वहीवर बाईचे नाव, वाडीचे नाव आणि तारीख घालावी.